आवळ्याच्या नावाचं बंदर

मेलाका शहरातली नदी पहिल्यांदा पाहिली की जरा हिरमोड होतो. नाव एवढं ऐकलेलं, आणि समोर चहाच्या रंगाचं, दोन्ही काठ काँक्रीटने बांधून काढलेलं, आपल्या वाशिष्ठीच्या पासंगालाही न पुरणारं पाणी. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावरचा माणूस वळून बघेल. पर्यटकांच्या बोटी ये-जा करतात, काठावरच्या घरांच्या भिंती चित्रांनी रंगवलेल्या. नदीवर तान किम सेंग पूल आहे. बोलता बोलता तो संपतोही. लोक मध्यावर थांबून फोटो काढतात आणि लाल चौकाकडे निघून जातात.

थांबायचं तर इथेच थांबावं. १५११ च्या जुलैमध्ये इथे एक लाकडी पूल होता. लवंग, जायफळ आणि जायपत्रीच्या व्यापाराची नाडी कोणाच्या हाती राहणार, हे त्या पुलावर ठरणार होतं. पुलावर चढाई करणारा माणूस बरोबर आठ महिन्यांपूर्वी गोवा जिंकून मोकळा झालेला होता. गोव्यातल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला त्याचं नाव पाठ असतं: अफोन्सो द अल्बुकर्क.

जुनं मेलाका फार मोठं नाही. पूल, लाल चौक, सेंट पॉलची टेकडी, पायथ्याचा दरवाजा, मग परत नदी ओलांडून पलीकडच्या गल्ल्या. भराभर चाललात तर दोन तासांत सगळं उरकतं. मात्र समोरचा दगड मुळात कुठला, तो कोणी कुठून उचलून आणला, हे विचारत निघालात तर दिवसही अपुरा पडतो.

शहराच्या नावात आवळा आहे. मलय भाषेत ‘पोकोक मेलाका’ म्हणजे आवळ्याचं झाड, आणि हा शब्द आपल्या ‘आमलक’चाच भाऊबंद असावा. ‘सजाराह मेलायू’ या मलय बखरीत सांगितलेली गोष्ट अशी: परागंदा झालेला एक राजा शिकारीला निघाला आणि झाडाखाली विसावला. त्याच्या शिकारी कुत्र्याला एका पिटुकल्या हरणाने, आपल्याकडे ज्याला पिसोरी म्हणतात त्याने, लाथ मारून पाण्यात पाडलं. राजा खूश झाला. जिथे हरणं एवढी शूर, तिथे राजधानी करावी. हे झाड कसलं, त्याने विचारलं. मेलाका, उत्तर आलं. झालं! इतिहासकार या राजाला परमेश्वर या नावाने ओळखतात. मूळचा पालेंबांगचा, मग तुमासिक म्हणजे आजच्या सिंगापुरातून हुसकावलेला. साल १४०० च्या आसपासचं.

ही गोष्ट ऐकताना मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. ससा कुत्र्यावर उलटला आणि तिथे शहर वसलं, ही कथा विजयनगरची आहे, अहमदाबादचीही आहे. मेलाकाच्या बाजारात गुजराती व्यापाऱ्यांचं वजन फार मोठं होतं. कापडाच्या गाठोड्यात बांधून त्यांनी ही गोष्टही नेली की काय, कोण जाणे.

गोष्ट कोणाचीही असो, जागेची निवड मात्र पक्की होती. कारण वारा. हिंदी महासागरातून येणारी जहाजं नैऋत्येच्या वाऱ्यावर येत, चीनची जहाजं ईशान्येच्या वाऱ्यावर. एकाला आणणारा वारा दुसऱ्याला परत नेणारा. साहजिकच दोघांची गाठ पडायची तर कोणीतरी थांबायला हवं, आणि थांबायचं तर माल सुरक्षित राहायला हवा. मेलाका हे या थांबण्याचं गाव. इथे पिकत काहीच नव्हतं, तांदूळसुद्धा बाहेरून येई. होती ती गुदामं (मलयात गुडांग, आपलं गुदाम त्याच गोतावळ्यातलं), ठरलेली जकात आणि न्यायनिवाडा करणारे अधिकारी. पश्चिमेकडून आलेल्या मालावर साधारण सहा टक्के कर घेत. पूर्वेकडच्या जहाजांकडून ठरीव जकात नव्हती, नजराणे असत. चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते: एक फक्त गुजरात्यांसाठी, दुसरा दक्षिण भारत, बंगाल, पेगू आणि पासाईच्या लोकांसाठी, तिसरा जावा, बांदा, मोलुक्का अशा बेटांच्या व्यापाऱ्यांसाठी, चौथा चिनी, चंपा आणि र्‍युक्यूच्या मंडळींसाठी. एकट्या गुजरातसाठी वेगळा अधिकारी, यावरून काय ते समजावं. सुलतानाचा मुख्य प्रधान ‘बंदाहारा’ म्हणजे आपला भांडागारवाला, आणि आरमाराचा प्रमुख ‘लक्ष्मण’. राजे मुसलमान झाले, पदांची नावं संस्कृतच राहिली. त्यात कोणाला खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

तोमे पिरिश हा पोर्तुगीज औषधविक्या १५१२ मध्ये इथे आला आणि दोन-अडीच वर्षं राहिला. कैरो, मक्का आणि एडनपासून थेट चीनपर्यंत इथे कोण कोण येतं, याची त्याने लांबलचक यादी केली. त्या यादीत गुजरात्यांच्या पाठोपाठ चौल, दाभोळ, गोवा आणि दख्खनचे लोक आहेत. चौलची खाडी आज गाळाने भरली आहे, दाभोळला फेरीबोटीची रांग असते. पण त्या काळी तिथला माणूस मेलाकाच्या पेठेत इतका नेहमीचा होता की परक्या औषधविक्याला त्याची वेगळी नोंद करावीशी वाटली. या बाजारात चौऱ्याऐंशी भाषा कानावर पडतात, असंही पिरिश सांगतो. आकडा जरा फुगवलेला वाटतो, पण तो मोजायला बसला यातच सगळं आलं.

या बाजाराला पहिला तडा १५०९ मध्ये गेला. दियोगो लोपेश द सिकेरा मोजकी जहाजं घेऊन व्यापाराची परवानगी मागायला आला. मलबार किनाऱ्यावर आणि दीवच्या समुद्रात फिरंग्यांनी काय केलं होतं, ते गुजराती व्यापाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी सुलतान महमूद शाहाचे कान भरले, आणि ते भरणं चुकीचं होतं असं आज कोण म्हणेल? पोर्तुगीजांवर छापा घालायचा बेत ठरला. सिकेरा निसटला, पण किनाऱ्यावर उतरलेले वीसेक जण पकडले गेले. या मोहिमेत फर्डिनांड मॅगेलन नावाचा एक तरुणही होता. पुढे पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेने गाजलेला तो हाच.

कैद्यांचा म्होरक्या रुई द अराउजो. त्याला तुरुंगात पैसे पुरवणारा, खायला देणारा, आणि त्याचं गुप्त पत्र कोचीनला पोचवणारा माणूस म्हणजे निना चातू, मेलाकात स्थायिक झालेला एक हिंदू व्यापारी. गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांशी त्याच्या समाजाची चढाओढ होतीच. दयेपोटी केलं की हिशेबापोटी? मला वाटतं, व्यापाऱ्याच्या बाबतीत हे दोन कप्पे फार वेगळे काढता येत नाहीत. त्याचं पत्र पोचलं. मोठं आरमार घेऊन या, असा त्यातला सल्ला.

अल्बुकर्कच्या मनात तांबड्या समुद्राची मोहीम होती. वारा उलटा पडला, म्हणून तो पूर्वेला वळला. अठराएक जहाजं, हजार-बाराशे माणसं, त्यांत दोनेकशे मलबारी. १ जुलै १५११ रोजी हा ताफा तोफा वाजवीत मेलाकासमोर उभा राहिला. आधी निरोपांची देवाणघेवाण: कैदी सोडा, नुकसान भरून द्या, किल्ल्याला जागा द्या. सुलतानाने चालढकल केली. दरम्यान पुलाच्या दोन्ही तोंडांना लाकडी मेढेकोट उभे राहू लागले. अल्बुकर्कने बंदरातली जहाजं पेटवली, तेव्हा कैदी सुटले. बाकीच्या मागण्यांवर मात्र चर्चाच चालू राहिली.

२५ जुलै, संत जेम्सचा दिवस. पोर्तुगीज दोन तुकड्यांनी पुलाच्या दोन टोकांवर उतरले. मधोमध गाठ पडून पूल हाती आला. सुलतान हत्तीवरून चालून आला. अरुंद रस्त्यात भाल्यांनी जखमी केलेले हत्ती उलटले आणि आपल्याच माणसांत शिरले. आपल्या इतिहासात ही चूक किती वेळा झाली, ते मोजत बसायला नको. तरीही दिवस मेलाकाचाच ठरला. विषारी बाणांनी माणसं गळत होती, ऊन डोक्यावर होतं, सावलीला एक झाप नाही. संध्याकाळी अल्बुकर्कने माणसं परत जहाजांवर नेली, आणि रात्रीतून पुलावरचे कोट पुन्हा उभे राहिले.

मग त्याने एक उंच जंक, म्हणजे पूर्वेकडचं ते भलंमोठं व्यापारी जहाज, ताब्यात घेतलं, त्यावर तोफा चढवल्या आणि नदीच्या मुखात ढकललं. पुलापेक्षा उंच, असा तरंगता बुरूजच. ते वाळूच्या पट्ट्यावर रुतलं. दिवसेंदिवस तिथेच. किनाऱ्यावरून त्याला आग लावायचे प्रयत्न चाललेले, आणि अल्बुकर्क उधाणाच्या भरतीची वाट बघतोय. तोफखाना, शौर्य, धर्म सगळं बाजूला. मेलाकाचं नशीब चंद्राच्या कलेवर टांगलेलं. १० ऑगस्टला भरतीचं पाणी चढलं, जंक सुटलं, पुलाला जाऊन भिडलं. या खेपेला पोर्तुगीज मागे फिरले नाहीत. २४ ऑगस्टपर्यंत शहर पडलं. लुटीची मुभा मिळाली, पण निना चातूसारख्या मित्रांच्या घरांवर निशाणं लावून ती वगळली होती. कुठली घरं जाळायची आणि कुठली राखायची, याची यादी लढाईआधीच तयार होती.

सुलतान शहराबाहेर दबा धरून होता. फिरंगी लुटतील आणि निघून जातील, असा त्याचा अंदाज. समुद्रावरचे दरोडेखोर तसंच करत आले होते. हे लोक मात्र दगड गोळा करू लागले.

पुलावरून लाल चौक ओलांडला की उजवीकडे समुद्राच्या बाजूने टेकडीला वळसा घालत पोर्ता द सांतियागोपाशी येता येतं. ‘आ फामोझा’, म्हणजे विख्यात असं नाव असलेल्या किल्ल्याचा उरलेला एवढाच दरवाजा. काळपट चिरे, वर कमान, आत जेमतेम एक खोली होईल एवढी जागा. सावलीत एखादा गिटारवाला बसलेला. शहर हाती येताच अल्बुकर्कने हा किल्ला बांधायला घेतला. दगडाची खाण शोधायला वेळ नव्हता, म्हणून मशिदी पाडल्या आणि सुलतानांची थडगी उकलली. आज दरवाज्याच्या कमानीवर ‘१६७०’ असं साल आणि वलंदेज, म्हणजे डच, कंपनीचं चिन्ह दिसतं. म्हणजे दगड मलय राजांच्या थडग्यांचे, भिंत पोर्तुगीजांची, सही वलंदेजांची. हा दरवाजा एके काळी समुद्राला तोंड देऊन उभा होता. आता समोर गवताचं मैदान आणि त्यापलीकडे मॉल. समुद्रात भराव घालत घालत शहराने किनारा पार लांब नेऊन ठेवला आहे.

किल्ला उभा राहिला, बंदर मात्र हातातून निसटलं. मुसलमान व्यापाऱ्यांनी आपला मुक्काम हलवला: कोणी आचेहला, कोणी जोहोरला, कोणी बांतेनला. थोड्याच दशकांत सुमात्राचं मिरं आचेहवरून थेट तांबड्या समुद्रात जाऊ लागलं, फिरंग्यांच्या नाकावर टिच्चून. मेलाकाची भरभराट भिंतींमुळे नव्हती, थांबण्याजोग्या विश्वासामुळे होती. आणि ज्या दिवशी यादी करून घरं जाळली, त्या दिवशी तो विश्वास संपला. पुढची सव्वाशे वर्षं पोर्तुगीजांनी आचेह आणि जोहोरचे वेढे परतवण्यात घालवली. प्रत्येक वेळी मदतीसाठी डोळे गोव्याकडे लागलेले, कारण मेलाकाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता.

निना चातूचं काय झालं? अल्बुकर्कने त्याला शहरातल्या हिंदूंचा बंदाहारा केलं. १५१४ मध्ये पोर्तुगीजांनीच ते पद काढून कांपारच्या राजाला देऊ केलं. म्हाताऱ्या व्यापाऱ्याने चंदन-अगरूची चिता रचली, लोकांसमोर आपल्या सेवेचा पाढा वाचला आणि चितेवर चढला. शहरात त्याचं स्मारक नाही.

टेकडीवर चढायला चांगल्या पायऱ्या आहेत, पण दमट हवेत सदरा अंगाला चिकटतो. सकाळी लवकर जावं. माथ्यावर सेंट पॉलचं छप्पर उडालेलं चर्च. १५२१ मध्ये दुआर्ते कोएल्यो याने बांधलेलं हे छोटं देऊळ पुढे जेझुइटांकडे आलं. समोर संत फ्रान्सिस झेवियरचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात मनगटाजवळ तुटलेला. पुतळा १९५२ मध्ये बसवला आणि नंतर लवकरच सुरूचं झाड कोसळून त्याचा हात तुटला. खऱ्या झेवियरचाही उजवा हात १६१४ मध्ये कोपरापासून वेगळा करून रोमला नेला होता. मेलाकाचे लोक हा योगायोग तुम्हाला सांगितल्याशिवाय राहत नाहीत, आणि सांगताना जरा थांबून तुमच्या चेहऱ्याकडे बघतात.

झेवियर इथे अनेकदा आला. १५४७ मध्ये याच टेकडीवर त्याची आंजिरो नावाच्या जपानी माणसाशी भेट झाली आणि जपानला जायचं त्याच्या मनाने घेतलं. १५५२ मध्ये तो चीनला निघाला असताना बंदराच्या अधिकाऱ्याने त्याच्याबरोबरचं जहाज अडकवून ठेवलं. हा अधिकारी वास्को द गामाचा मुलगा, आल्वारो द आताईद. संताने त्याला बहिष्कृत केलं आणि पायतणांची धूळ झटकून मेलाका सोडलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर तो वारला. मार्च १५५३ मध्ये मृतदेह इथे आणून पुरला, काही महिन्यांत पुन्हा उकरून काढला आणि गोव्याला पाठवला. मार्च १५५४ मध्ये तो गोव्यात पोचला; जुन्या गोव्याच्या बाँ जेझस बॅसिलिकात त्याच्या दर्शनाला आज रांग लागते. मेलाकात उरली ती जाळीने झाकलेली एक रिकामी कबर. पर्यटक तिच्यात नाणी टाकतात. नाणी टाकावीत अशी पाटी तिथे कुठेही नाही.

त्या कबरीपेक्षा मला भिंतींना टेकवून ठेवलेल्या शिळा अधिक धरून ठेवतात. माणसापेक्षा उंच, ग्रॅनाइटच्या, लॅटिन, पोर्तुगीज आणि वलंदेजी भाषेत कोरलेल्या. एक जपानचा बिशप पेद्रो मार्तिन्श याची, जो १५९८ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीत वारला. कवट्या, हाडं, जहाजं, कुळांची चिन्हं कोरलेली. वलंदेजांनी खाली स्वतःचं चर्च बांधल्यावर टेकडी दफनभूमी म्हणून वापरली. विसाव्या शतकात या शिळा जमिनीतून काढून भिंतीला उभ्या केल्या. मृत माणसं एकीकडे, त्यांची नावं दुसरीकडे.

वलंदेज आले ते १६४० मध्ये, जोहोरच्या सुलतानाशी हातमिळवणी करून. वेढा महिनोन्महिने चालला. या खेपेला गोव्याकडून मदत येणं कठीण होतं, कारण वलंदेजी जहाजं १६३६ पासून दर वर्षी मांडवीच्या मुखाशीच नाकेबंदी करून बसत होती. दूर मेलाकात उपासमार आणि रोगराईने माणसं मरत होती, इकडे गोव्यात आग्वादच्या तोंडाशी शत्रूची शिडं दिसत होती. दोन्ही एकाच डावाचे भाग. १४ जानेवारी १६४१ रोजी शहर पडलं. पण वलंदेजांची लाडकी राजधानी बटाव्हिया. मेलाका त्यांना हवं होतं ते दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून.

लाल चौकातली त्यांची इमारत, स्टाडहाउस, सतराव्या शतकाच्या मध्याची. शेजारचं क्राइस्ट चर्च १७४१ मध्ये, विजयाची शंभरी झाली तेव्हा सुरू केलं आणि १७५३ मध्ये पूर्ण झालं. आत गेलात तर वर बघा: प्रत्येक तुळई अठ्ठेचाळीस फूट लांब, सांधा नसलेली, एकेका झाडाची. बाकी त्या चौकाचा प्रसिद्ध लाल रंग वलंदेजांचा नव्हे. चर्च पांढरं होतं, इंग्रजांनी १९११ मध्ये लाल रंगवलं. ‘डच चौकात’ लाखो फोटो निघतात ते इंग्रजी रंगाचे. चौकात फुलांनी आणि कार्टूनच्या बाहुल्यांनी मढवलेल्या सायकल-रिक्षा कर्कश गाणी वाजवत उभ्या असतात. त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

इंग्रजांनी १७९५ मध्ये शहर ताब्यात घेतलं. युरोपातलं युद्ध संपल्यावर ते परत द्यावं लागणार, मग शाबूत किल्ला कशाला परत द्यायचा, असा सरळ हिशेब करून १८०७ मध्ये आ फामोझा उडवायला घेतला. अब्दुल्ला मुन्शी हा मेलाकात जन्मलेला मलय लेखक, अरब-तमिळ रक्ताचा, त्या वेळी लहान मुलगा होता. सुरुंगाने हत्तीएवढे दगड आकाशात उडाल्याचं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं. स्टॅम्फर्ड रॅफल्स १८०८ मध्ये आला, त्याने शहराच्या बाजूने अहवाल लिहिला आणि पाडापाडी थांबली. तोवर उरला होता एक दरवाजा. १८२४ च्या तहात मेलाका कायमचं इंग्रजांकडे आलं आणि १८२६ पासून पेनांग आणि सिंगापूरबरोबर कलकत्त्याच्या अंमलाखालच्या वसाहतीत मोडू लागलं. सिंगापूर वाढलं, मेलाका पेंगुळलं. त्यामुळेच गल्ल्या वाचल्या, असंही म्हणता येईल. वैभव नसलं की पाडापाडीलाही पैसा नसतो. २००६ मध्ये उंच फिरता मनोरा बांधायला खोदकाम केलं, तर खाली वलंदेजांचा मिडलबर्ग बुरूज सापडला. मनोरा दुसरीकडे हलवला. युनेस्कोच्या यादीत शहर आलं ते ७ जुलै २००८ रोजी.

पूल ओलांडून पलीकडे आलं की जोंकर गल्ली, आणि तिच्या मागे सोनार-लोहारांच्या जुन्या गल्ल्या. एकाच रस्त्यावर चार पावलांच्या अंतराने तीन देवघरं. १७४८ ची कांपुंग क्लिंग मशीद: घुमट नाही, कौलारू छप्पर तीन टप्प्यांत निमुळतं होत गेलेलं, आणि मिनार चिनी पॅगोडासारखा. ‘क्लिंग’ म्हणजे कलिंग, दक्षिण भारतीयांना दिलेलं जुनं नाव. पुढे सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देऊळ. आणि दोघांच्या शेजाराला १७८१ चं श्री पोय्यात विनायगर मूर्ती मंदिर. म्हणजे आपला गणपती! मलेशियातल्या आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी एक. ते बांधलं चिट्टी समाजाने, सुलतानाच्या काळापासून इथे राहिलेल्या तमिळ व्यापाऱ्यांच्या वंशजांनी. त्यांची भाषा आज मलय आहे, जेवण मलय आहे, बायकांचा पोशाख मलय-चिनी आहे. देव आणि सण तेवढे तमिळ राहिले. निना चातूच्या जातभाईंचे हे नातलग म्हणता येतील. मंदिरात आरतीची वेळ नव्हती. पुजारी अंगारा लावून आपल्या कामाला लागले.

दुपारी एका टपरीवर चेंडोल घेतलं: बर्फाचा कीस, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वर काळसर पाक. त्या पाकाचं नाव गुला मेलाका. माडाची नीरा आटवून बांबूच्या नळीत ओततात, घट्ट झाली की नळीच्या आकाराचे गोल तुकडे निघतात. गोव्यात, तळकोकणात माडाचा गूळ खाल्लेल्या माणसाला चव ओळखायला क्षणही लागत नाही: तोच धुरकट, खारटपणाची किंचित झाक असलेला गोडवा. गुला आणि गूळ, शब्दही एकच. शेजारच्या दुकानावर मोठ्या अक्षरांत ‘लेलोंग’ लिहिलेलं होतं, म्हणजे सवलतीची विक्री. पोर्तुगीज ‘लेलांव’. आपला लिलाव. साबण, अननस, अलमारी, मेज, पाद्री हे मलयातही थोड्या फरकाने असेच म्हणतात. गोव्यातून निघालेलं जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने काय टाकत गेलं, हे बघायला शब्दकोश पुरतो.

पूर्वेला उजोंग पासीर इथे पोर्तुगीज वस्ती आहे. १९३० च्या दशकात दोन पाद्र्यांच्या खटपटीने विखुरलेल्या गरीब कोळी कुटुंबांना तिथे जमीन मिळाली. ते क्रिस्तांग बोलतात, सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजवर मलय व्याकरण चढलेली भाषा. बोलणारे आता थोडे उरलेत. २९ जूनला सान पेद्रोचा सण, बोटी सजवून पाद्रीकडून आशीर्वाद घेतात. नाताळला ‘सूजी केक’ करतात, हो, आपल्या रव्याचाच. व्हिनेगर घातलेली तिखट ‘देबाल’ करी चाखली तर विंदालूची सख्खी बहीण वाटते. त्यांच्यासमोरचा समुद्रही भरावाने मागे सरला आहे, आणि कोळ्यांची तक्रार जगभर असते तीच आहे.

परतताना पुन्हा नदीच्या मुखाशी आलो. तिथे सागरी संग्रहालय आहे, एका मोठ्या पोर्तुगीज जहाजाच्या आकाराचं. शाळेच्या सहली आत शिरत होत्या. ते जहाज म्हणजे ‘फ्लोर दो मार’ची प्रतिकृती, ज्या जहाजात अल्बुकर्कने मेलाकाची लूट भरली ते. मेलाकाने स्वतःच्या लुटारूच्या जहाजाचा पुतळा उभारून त्यात आपला इतिहास मांडला आहे, आणि तिकीट लावलं आहे. व्यापारी शहर ते, त्याला काय म्हणणार!

मूळ जहाज १५०२ मध्ये लिस्बनला बांधलेलं. दीवच्या लढाईत होतं, गोव्याच्या मोहिमेतही होतं. १५११ पर्यंत त्याचा सांगाडा खिळखिळा झाला होता, सांध्यांतून पाणी झिरपायचं. तरीही सगळ्यात मोठं म्हणून सगळ्यात मौल्यवान माल त्यावरच चढवला. इकडे आदिलशाही फौजेने बाणस्तारीला ठाण मांडून गोवा कोंडला होता. १५११ च्या नोव्हेंबरमध्ये सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज फुटलं. अल्बुकर्क तराफ्यावरून वाचला, कोचीनला पोचला, पुढच्या वर्षी गोव्याला येऊन बाणस्तारी परत घेतलं. सोनं गेलं, माणसं गेली, त्याचं त्याला दुःख होतंच. पण बखरकार सांगतात, सुलतानांच्या जुन्या थडग्यांवरून काढून आणलेले काशाचे सिंह बुडाले, याची त्याला विशेष हळहळ वाटली. ते त्याला गोव्यात स्वतःच्या कबरीवर बसवायचे होते.

१६ डिसेंबर १५१५ रोजी मांडवीच्या मुखाशी, जहाजावरच, तो वारला. गोव्यातल्या सेरा चर्चमध्ये त्याला पुरलं आणि १५६६ मध्ये हाडं लिस्बनला नेली. ‘फ्लोर दो मार’ अजून सापडलेलं नाही.